गोवा चालतो, पण आपला नव्हे

चवथ संपली की दरवर्षी माझ्याकडे पत्रं जरा जास्तच येतात, कारण काय तर पाच-सात दिवस सगळी भावंडं एका घरात, बाहेर पावसाची रिपरिप, पत्ते कुटून कुटून कंटाळा आला की कुणीतरी कपाटावरचा स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जोडून इंग्रजी शब्द लावायच्या खेळाचा, डबा खाली काढतं आणि मग जी भांडणं लागतात ती विसर्जनानंतरही मिटत नाहीत. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं "मावशी, हा शब्द खरंच आहे का गे" याच छापाची आलीयत, म्हणून हा महिना त्यांनाच देऊन टाकते, व्याकरणवाल्यांनी जरा थांबा. एक आधीच सांगते, भारतात स्पर्धा होतात त्या कॉलिन्सच्या शब्दयादीवर, तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत आणि मी तीच धरून चाललेय. अमेरिकेत वेगळी यादी चालते, तेव्हा पुतण्या न्यू जर्सीहून आला असेल तर डबा उघडायच्या आधीच कुठली यादी ते ठरवून घ्या.

म्हापशाहून एक काकी लिहितात: "माझ्या भाच्याने जी-ओ-ए लावलं आणि म्हणाला गोवा. आम्ही सगळ्यांनी आरडाओरडा केला की गावाची, राज्याची नावं चालत नाहीत, तर त्याने मोबाइलवर काढून दाखवलं, चालतं म्हणून! चार पॉइंटसाठी अख्खं घर दोन तास भांडतंय. हे कसं काय?"

काकी, भाचा बरोबर आणि तुम्हीही बरोबर. आपला गोवा चालत नाही, कारण कायम कॅपिटल अक्षराने लिहायचं नाव या खेळात बाद. पण इंग्रजीत छोट्या जीचा एक गोआ आहे, तो म्हणजे तिबेटी हरीण, तिबेटी भाषेतल्याच नावावरून इंग्रजीत आलेलं. तिबेटच्या पठारावर राहतं, आपल्या देशात लडाख आणि सिक्कीमच्या वरच्या भागात अगदी थोडी उरलीयत. मी फोटो बघितलाय, शेळीएवढंच असेल, अंगाने भुरकट, आणि पाठमोरं झालं की मागे पांढराशुभ्र बदामाच्या आकाराचा ठिपका, पत्त्यांतल्या बदामासारखा, शिंगं फक्त नराला. आपल्या मांडवी-जुवारीशी त्याचा काडीचा संबंध नाही, नाव जुळलं एवढंच.

आता भाच्याला पुढचं सांगा. गोआला शेवटी चार अक्षरं लागतात. एस लावला की अनेकवचन, टी लावला की शेळी, डी लावला की गोड, म्हणजे बैल हाकायची टोचणी, आणि एफ लावला की गोफ. हा शेवटचा फार कमी जणांना ठाऊक असतो. खाणीतून माल काढून झाला की मागे जी पोकळी आणि टाकाऊ दगडमाती राहते तिला कोळसा खाणीतले लोक गोफ म्हणतात. डिचोली-सांग्याच्या माणसाला याचं चित्र डोळ्यासमोर आणायला फार कष्ट पडू नयेत, आपल्या खाणी उघड्या आणि लोखंडाच्या असल्या तरी.

आणि नावांच्या बाबतीत गोवा एकटा नाही हो. चायना चालतं, कारण ती चिनी मातीची भांडी. जपान चालतं, त्याचा अर्थ काळं चकचकीत रोगण देणं, चक्क क्रियापद आहे. जॉर्डन चालतं आणि त्याचा अर्थ रात्री खाटेखाली ठेवायचं मुताचं भांडं, हे जेवताना सांगू नका. मद्रास चालतं, ते कापड. डंगरीसुद्धा कापडच, मूळ मुंबईच्या डोंगरीचं, तिथलं जाडंभरडं कापड इंग्रजांनी नेलं आणि आता मुलं मॉलमधून डंगरी म्हणून हजार रुपयाला परत आणतात. पणजी मात्र चालत नाही, प्रयत्न करून झालाय.

मडगावहून एक वहिनी: "विंदालू चालतं असं ऐकलं. आमच्या ह्यांचं म्हणणं शेवटी आलू आहे म्हणजे बटाट्याचा पदार्थ, आणि हॉटेलात खाल्लं तेव्हा त्यात बटाटा होता. आणखी कुठले आपले पदार्थ लावता येतात?"

ह्यांना सांगा, हॉटेलवाल्यालाही तसंच वाटलं असणार. विंदालूत आलू नाही. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणीत मुरवून ठेवायचे, त्याला ते विन्या दाल्योश म्हणायचे, विन्यो म्हणजे वाइन आणि आल्यो म्हणजे लसूण. इथे आल्यावर वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, वर मिरची आली, आणि नाव घासत घासत विंदाल्य झालं. इंग्रजांनी ते आपल्या कानाने लिहून घेतलं आणि शेवटी दोन ओ लावले, तिथून बटाट्याचा घोळ सुरू झाला. आमच्या घरी पोर्क शिजत नाही पण शेजारच्या माय दरवर्षी नाताळाला चिकनचं करून डबा पाठवतात, एक बटाटा सापडेल तर शपथ. स्क्रॅबलमध्ये तो आठ अक्षरी आहे, म्हणजे बोर्डावरच्या एका अक्षराला धरून आपल्या सातही टाइल्स संपवायच्या, तसं जमलं तर वर पन्नास बोनस. मला आजवर एकदाही जमलेलं नाही.

फेणी चालते, एफ-ई-एन-आय, सात पॉइंट. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण टाइल्सच्या जगात तिला नारळाची की काजूची असं कुणी विचारत नाही. काजूही चालतो, पण इंग्रजी कॅश्यू म्हणून, मूळ ब्राझीलच्या तुपी भाषेतला शब्द, पोर्तुगीजांनी झाडाबरोबर नावही उचलून आणलं. खोबऱ्याचा कोप्रा आणि सुंभाचा कॉयर दोन्ही मल्याळी. कोब्रा पोर्तुगीज, पूर्ण नाव कोब्रा द कापेलो, टोपीवाला साप. मुलं सांभाळणारी आया पोर्तुगीज आणि मान्सूनसुद्धा त्यांच्याच तोंडून इंग्रजीत गेलेला, मूळचा अरबी मौसम. इडली चालते, डोसा चालतो.

आणि पाव! पी-ए-व्ही चालतं, पण जरा थांबा, सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पोदेर येतो त्याच्या पावाशी त्याचा संबंध नाही. तो पाव म्हणजे पाव्हलोवा, अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोड पदार्थ, वर क्रीम आणि फळं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे लोक त्याला लाडाने पाव म्हणतात. म्हणजे टाइल्स आपल्या, पॉइंट आपले, खाणं त्यांचं.

डिचोलीच्या एका शिक्षिकाबाई: "शाळेत शनिवारी मुलांचा स्क्रॅबल क्लब चालवते. क्यू हातात आला की मुलं रडकुंडीला येतात, यू मिळतच नाही. यूशिवायचे क्यूचे शब्द अर्थासकट द्याल का? नुसती यादी नको, पाठ होत नाही."

बाई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला शंभर पॉइंट. नेटवर याद्या ढीगभर आहेत पण तोंडपाठ करायला गेलं की मंगळवारपर्यंत अर्ध्या उडतात. मुलांना असं सांगून बघा की यूशिवाय क्यू दिसला म्हणजे तो बहुतेक वेळा अरबी-उर्दूतला क़ आहे, तो घशातून काढायचा क, रोमन लिपीत लिहिताना त्याला क्यू दिलाय. एवढं कळलं की आपल्या मुलांना गोऱ्यांपेक्षा ही यादी सोपी जाते, कारण शब्द त्यांनी आधीच ऐकलेले असतात. बुरखा क्यूने लिहिता येतो, निकाबही. फकीर क्यूने. तलाक क्यूने. वक्फ तर रोज पेपरात असतो, चार अक्षरी, डब्ल्यू-ए-क्यू-एफ. काझीसुद्धा आहे, क्यू-ए-डी-आय असा, अरबी उच्चार काडीच्या जवळ जातो आणि आपण फारसीतून घेतला म्हणून आपला झ. आणि कव्वाली! सात अक्षरी, क्यूने सुरू, मधे दोन डब्ल्यू, नुसत्या टाइल्सचेच बावीस पॉइंट होतात आणि सगळी आपल्याच हातची असली तर वर पन्नास. माझ्या एका विद्यार्थ्याने हा शब्द लावला तेव्हा समोरच्याने असा शब्दच नाही म्हणून चॅलेंज केलं, टर्न घालवला, वर त्याला एक कव्वाली ऐकावीही लागली.

कनात हा शब्द मुलांना मांडवाच्या कनातीसारखा वाटेल, पण हा वेगळा, क्यू-ए-एन-ए-टी, डोंगरातलं पाणी जमिनीखालून बोगद्याने उतारावर गावापर्यंत आणायची इराणी पद्धत. मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर बांधली ती याच जातीची, इतिहासाच्या तासालाही कामाला येईल.

अरबी नसलेले मोजके लक्षात ठेवायचे. क्वेर्टी म्हणजे कीबोर्डच्या वरच्या ओळीतली पहिली सहा बटणं, मोबाइल काढून बघा. ट्रँक म्हणजे ट्रँक्विलायझरचं, मन शांत करायच्या औषधाचं, छोटं नाव. आणि सगळ्यांचा राजा दोन अक्षरी क्यू-आय, उच्चार ची, चिनी लोक अंगातल्या प्राणशक्तीला म्हणतात ती, आपण प्राण म्हणतो साधारण तसंच. हा एकटा शब्द शिकवलात तरी क्लबचं रडणं थांबेल, कारण क्यू दहा पॉइंटचा आणि तो तिहेरी अक्षराच्या, म्हणजे अक्षराचे पॉइंट तिप्पट करणाऱ्या, घरावर असा बसवला की आडवाही ची आणि उभाही ची होईल, तर एकतीस आणि एकतीस, बासष्ट पॉइंट, एका क्यूवर.

म्हापशाचा एक कॉलेजवाला: "स्वर नसलेले शब्द कुठले? मित्राने सी-डब्ल्यू-एम लावून मला हरवलं, मला अजून वाटतंय त्याने फसवलं."

नाही रे बाबा, फसवलं नाही. तो वेल्श शब्द आहे आणि वेल्श भाषेत डब्ल्यू हाच स्वर, आपल्या ऊसारखा, म्हणून उच्चार कूम. डोंगराच्या कुशीत हिमनदीने कोरलेली खोलगट दरी. एव्हरेस्ट चढणारे ज्या वेस्टर्न कूममधून जातात तो हाच शब्द, नाव गिर्यारोहक मॅलरीने 1921 साली दिलं. त्याच घराण्यातला क्रूथ, सी-आर-डब्ल्यू-टी-एच, जुनं वेल्श तंतुवाद्य, कमानीने वाजवायचं. पुढच्या वेळी तू हा लाव, तेरा पॉइंट आहेत, कूमपेक्षा तीन जास्त. बाकी मग तोंडातून निघणारे आवाज, ब्रर्र, श्श्, हम्म्, त्स्क्, पुस्तकात छापलेत म्हणजे शब्द झाले.

वास्कोहून: "माझं उलटं आहे, हातात नेहमी नुसते स्वर. ए, ए, आय, ओ, यू, ई, ई. कंपनीने जास्त स्वर टाकलेत का?"

टाकलेत, पण मुद्दाम आणि मोजून. हा खेळ अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टने मंदीच्या काळात काम नसताना बनवला, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्याने वर्तमानपत्रं घेऊन हाताने मोजलं, आणि त्यावरून शंभर टाइल्स ठरवल्या. त्यातले बेचाळीस स्वर, नुसत्या ईच बारा. एस मात्र चारच, कारण एस लावून कुठलाही शब्द अनेकवचनी करता येतो आणि मग खेळात मजा ती काय. माणूस हुशार, स्वतः मात्र स्पेलिंगमधे कच्चा होता असं त्यानेच सांगून ठेवलंय.

तर स्वर खपवायला छोटे शब्द. ए-ए म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा, अनवाणी चाललं तर तोंडातून जो आवाज निघेल तोच शब्द. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, झाडाला उलटा लटकणारा आळशी प्राणी, हल्लीचं एआय नव्हे. पण मला सगळ्यात आवडतो तो सहा अक्षरी, सहाही स्वर, ई-यू-ओ-यू-ए-ई. हा शब्दच नाही खरं तर, चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेचे शेवटचे दोन शब्द सेक्युलोरुम आमेन, त्यातली व्यंजनं गाळली की उरतात ते हे सहा स्वर. जुन्या गायनाच्या वह्यांमधे चाल कुठे संपवायची ते दाखवायला सुरांच्या खाली एवढंच लिहायचे, आपल्याकडे भजनी मंडळाच्या वहीत ध्रुपद दरवेळी पूर्ण न लिहिता नुसतं "ध्रु." लिहितात तसं काहीसं. तुमच्या आळीत कुणी चर्चच्या क्वायरमधे गाणारे जुने मेस्त असतील तर विचारून बघा, डोळे चमकतील. पॉइंट फक्त सहा, पण लावल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि अगदीच काही सुचलं नाही तर टाइल्स बदला, लाज कसली त्यात. फक्त पिशवीत निदान सात शिल्लक हव्यात.

साखळीहून: "ओके चालतं की नाही? डिक्शनरीत नाही."

चालतं. डिक्शनरी जुनी आहे. 2019 मधे आलं, त्याच वेळी किळस आल्यावरचं ई-डब्ल्यू पण आलं, आणि दोन अक्षरी शब्द एकशे चोवीसचे एकशे सत्तावीस झाले.

मडगावचे एक निवृत्त गृहस्थ: "माझी सून झा, झो, झॅक्स असलं काहीही लावते आणि जिंकते. अर्थ विचारला तर म्हणते, बाबा, अर्थाचे पॉइंट नसतात. याला भाषेचं ज्ञान म्हणायचं का?"

नियमाने सून बरोबर आहे, अर्थ सांगायची सक्ती नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं, फक्त शब्द पाठ केले होते, आणि 2024 मधे स्पॅनिशमधेही तसंच केलं. त्या माणसापुढे हात जोडते. पण मी नायजेल रिचर्ड्स नाही, तुमची सूनही नसावी, आणि आपल्यासारख्यांच्या डोक्यात शब्द टिकतो तो अर्थाच्या खुंटीवरच. झॅक्स मला कधी आठवायचा नाही, मग एकदा चित्र बघितलं, छपराच्या दगडी पाट्या तासायची छोटी कुऱ्हाड, मागे भोकं पाडायला टोक. आमच्या घराची कौलं परतायला दर मेमधे माणूस यायचा, त्याच्या कमरेला असं हत्यार लटकवलेलं मी मनातल्या मनात बघितलं, कौलाला ते लागत नाही हे माहीत असून. त्यानंतर झॅक्स कधी विसरले नाही, एकोणीस पॉइंट. झो म्हणजे याक आणि गाय यांचं मिश्र जनावर. झा म्हणजे पिझ्झा, हा मलाही पटत नाही, पण चालतो.

आमच्या घरात नियम असा आहे की शब्द लावा, पॉइंट घ्या, अर्थ सांगता आला नाही तर पुढचा चहा तुम्ही करायचा. सुनेला सुचवून बघा. अर्थात चहा शेवटी कोण करतं ते तुमच्या घरावर आहे, ते तुम्ही उठून करणार असाल तरच सुचवा.

पर्वरीहून एक मुलगी: "वर्डलमधे ह्यूमर आलं तेव्हा मी ब्रिटिश स्पेलिंग धरून हरले होते, हा अन्याय नाही?"

आहे ना. पण वर्डल, म्हणजे रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, बनवणारा वेल्सचा असला तरी राहणारा अमेरिकेत, आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ विकत घेतला, तेव्हा यू कापलेलाच मिळणार. त्याच वर्षी सप्टेंबरमधे पेरर आलं होतं, साल काढायचं साधं पीलर, दोन वेळा आर, त्यात माझी एकशेकितीतरी दिवसांची साखळी तुटली. त्या दिवशी मी दुधीसुद्धा सोलला नाही.

पेडण्याहून सातवीतला एक मुलगा: "झेड-झेड-झेड चालतं का? पप्पा म्हणतात मी बनवलाय."

चालतं रे, घोरण्याचा आवाज. पण डब्यात झेड एकच असतो, म्हणजे दोन्ही कोऱ्या टाइल्स, ज्या हव्या त्या अक्षराच्या जागी लावता येतात, त्याच्याबरोबर घालवाव्या लागतील, आणि कोरीला पॉइंट शून्य, म्हणजे सगळं मिळून दहा. त्यापेक्षा पप्पांना सांग खरोखर झोपायला जा म्हणून, आणि कोऱ्या टाइल्स माझ्यासाठी ठेव.